न उचललेला भंडारा

वांगी भाजल्याचा वास पडवीत भरून राहिला होता, तरी तळी उचलायचं कुणी नाव काढीना.

आषाढीपासून थेट्यांच्या घरात वांगं शिजलं नव्हतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की ते पथ्य सुटतं, आणि मग थेटे असे काही जेवतात की वांग्यांनीच पुन्हा चातुर्मास मागावा. यंदाही नैवेद्य तयार होता. देव्हाऱ्यासमोर ताम्हणात भंडारा, खोबऱ्याच्या वाट्या, बेलाची पानं, सगळं मांडून झालं होतं. आप्पा, संतोष आणि रोहित या तिघा बापलेकांनी ताम्हण धरायचं आणि येळकोट करून उचलायचं, एवढंच बाकी होतं. पण लहानूआप्पा ताम्हणापुढे मांडी घालून बसले ते हलेनात.

योगिनी स्वयंपाकघराच्या दारात भाकरीची टोपली घेऊन उभी होती. ती धाकट्या रोहितची बायको. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला इंजिनिअर, राहायला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, पण मतदार यादीत नाव मात्र मळ्याच्या गावचंच. तो आप्पांचा दंडक होता. राहा कुठंबी, मत गावात पाहिजे.

आप्पांनी घसा साफ केला. "तळीच्या आधी एक काम हाय. ज्यानं त्यानं पुढं यायचं, बेल-भंडारा उचलायचा, आन सांगायचं, मी घरच्या माणसालाच मत दिलं. मग तळी."

योगिनीनं टोपली खाली ठेवली.

मागच्या आठवड्यात ग्रामपंचायतीचा निकाल लागला होता. सरपंचाची जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा आप्पांनी थोरल्या सुनेला, सुवर्णाला उभं केलं. उभं केलं म्हणजे काय, बॅनरवर सुवर्णाचा फोटो पोस्टकार्डाएवढा आणि आप्पांचा दाराएवढा. सभेत आप्पा बोलायचे आणि सुवर्णा हात जोडायची. गावाला सगळं समजत होतं आणि आप्पांना वाटायचं की गावाला सगळं पसंतही आहे. निकालाच्या दिवशी हर्षाली नावाची बचत गट चालवणारी बाई बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी निवडून आली. मळ्याच्या वॉर्डातलं मतदान आप्पांनी धरलं होतं त्यापेक्षा कमी भरलं. तेव्हापासून आप्पा गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये गेले नव्हते. पंचवटीच्या फुलबाजारात फुलांची गाडी संतोष एकटाच नेत होता. आप्पा दिवसभर रस्त्याकडे पाठ करून खाटेवर बसायचे आणि एकच वाक्य घोळवायचे, माझ्या घरातनंच दगा झाला.

"ज्यानं नाय उचलला," संतोष म्हणाला, "त्याचा या मळ्याशी संबंध संपला. आप्पांनी सांगितलं नाय तरी मी सांगतो."

आप्पांनी मान हलवली. म्हणजे ते त्यांचंही म्हणणं होतं.

संतोष बोलताना कुणाकडे बघत होता हे सांगायला ज्योतिषी नको होता. मतदानाच्या दिवशी योगिनी मळ्याच्या वळणावर हर्षालीबरोबर चहा पीत उभी होती, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्या चहात साखर किती होती तेवढंच सांगायचं राहिलं असेल.

रोहित बायकोजवळ सरकला. "तू वहिनींनाच मत दिलंस ना?" तो पुटपुटला.

"हो."

"मग प्रश्नच मिटला. उचल आणि मोकळी हो. खरंच तर बोलायचंय."

बोलणं साधं होतं आणि खोटंही नव्हतं. योगिनीनं सुवर्णाच्याच नावासमोरचं बटण दाबलं होतं. आप्पांच्या धाकानं नव्हे, सुवर्णा तिला आवडायची म्हणून. हात पुढे केला असता तर दोन मिनिटांत सगळ्यांच्या पुढ्यात ताट आलं असतं. तरी तिला राग आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी भीती होती. मळा सुटला तर रोहित आतून अर्धा होईल हे तिला माहीत होतं.

"सुवर्णा, तू पयली ये," आप्पा म्हणाले. "तुझं काय, उगी रीत म्हणून. तुझ्या मागनं बाकीचे येतील."

सुवर्णा चुलीपासून उठली. पदराला हात पुसत आली आणि ताम्हणापुढे गुडघ्यावर बसली. तिनं हात पुढे केला. बेलाच्या पानाच्या वर तो हात थांबला आणि बोटं काही मिटेनात. सगळ्यांचं लक्ष योगिनीकडे होतं, त्यामुळे ते फक्त योगिनीनं बघितलं. सुवर्णाच्या कपाळावर घाम आला होता. ती देवाकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत नव्हती. भंडाऱ्याकडे मात्र ती अशी बघत होती की तो विस्तव असावा.

योगिनीच्या मनात एक विचार आला: सुवर्णानंच दुसऱ्या नावापुढचं बटण दाबलं असेल तर? तिनं तो तसाच धरून ठेवला. एकलहऱ्याला अलार्म वाजला की पहिल्यांदा बघायचं असतं ते हे, की बॉयलर बिघडलाय की नुसतं मीटर. थांबलेला हात म्हणजे पुरावा नव्हे. चुलीपुढून उठलेल्या बाईला घाम येतोच. पण आपल्याला कळलं नाही तरी चालेल, आणि या पडवीत ते कुणालाच कळायला नको, एवढं तिला लख्ख दिसलं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी भंडारा उचलणार नाही. आणि माझं ऐकाल तर कुणीच उचलू नये."

सुवर्णाचा हात मागे गेला.

मग जे व्हायचं ते झालं. संतोष ताडकन उठला. "बघा. मी म्हणत नव्हतो? चोराच्या मनात चांदणं."

"दादा, तिनं वहिनींनाच मत दिलंय," रोहित म्हणाला.

"मग उचलायला काय हात मोडले?"

"हात शाबूत आहेत," योगिनी म्हणाली. "मत कुणाला दिलं हे विचारायचा हक्क कुणालाच नाही, भाऊजी. आज मी खरं सांगून सुटले, तर माझ्यामागून येणाऱ्याला सांगावंच लागेल. मी सुटायचं आणि त्याच्या गळ्याला फास लावायचा, हे मला नाही जमणार."

"ही हाफिसातली भाषा हितं नको."

"संतोष, खाली बस." हे आप्पा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. ते योगिनीकडे बघत होते. "सूनबाई, देवाच्या दारात नाय म्हणती तू?"

"देवाला नाही म्हणत नाही, आप्पा. तुम्हाला म्हणते."

हे वाक्य थेट्यांच्या घरात त्याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. रोहितनं डोळे मिटले. आप्पांचा हात भंडाऱ्याकडे गेला. आता ते मूठ भरून काय बोलतील आणि त्या बोलण्यानं हे घर कुठवर चिरत जाईल, हे सगळ्यांना दिसत होतं.

"लहानू," कोपऱ्यातून आवाज आला, "भिकादादानं बी असंच म्हटलं होतं नाय?"

मैनाआत्या भिंतीला टेकून लसूण सोलत बसली होती. आप्पांची थोरली बहीण. कळवणहून दर चंपाषष्ठीला एसटीनं यायची. नवरा गेल्यावर वर्षभर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या रात्री छातीत कळ आली तेव्हा आपण झोपलो होतो, म्हणून आपणच नवऱ्याला मारलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. देव झाले, भगत झाले, अंगारे झाले. शेवटी दवाखान्यातल्या चैताली नावाच्या एका पोरीनं तिच्याशी आठवड्याआड नुसत्या गप्पा मारल्या, आणि बाई उठून बसली. तेव्हापासून आत्याला एक खोड लागली होती. कुणी काहीही बोललं की विचारायची, हे कशावरनं? भाच्यांनी तिचं नाव 'कशावरनं आत्या' असंच पाडलं होतं.

"भिकादादाचं काय आता," आप्पा म्हणाले.

"पोरांना ठाव नाय. सांगू दे." आत्यानं लसूण बाजूला ठेवला. "आमचा थोरला भाऊ भिका. पाटाचं पाणी आपल्या वाफ्यात पोचंना, तर बाबाच्या मनानं घेतलं की भिका रातचं पाणी सासऱ्याच्या रानात फिरवतो. चंपाषष्ठीलाच, ह्याच ताम्हणात, बाबानं त्याला भंडारा उचलायला सांगितला. भिका मानी. म्हणला, बापानं बापासारखं इचारावं, देवाच्या आडून नाय. नाय उचलला. त्याच दिवशी बायको घेऊन सुरतेला गेला. परत नाय आला. बाबा मेले तवा बी नाय आला."

"चोर होता म्हणून गेला," संतोष म्हणाला. त्याला तसंच सांगितलेलं होतं.

"उन्हाळ्यात पाट साफ केला," आत्या म्हणाली. "कुणी केला रं लहानू?"

आप्पांनी भंडाऱ्याकडे गेलेला हात मागे घेतला. म्हणाले, "म्या केला."

"काय निघालं?"

"खेकड्याचं भोक." आप्पांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "हात जाईल एवढं. सगळं पाणी त्यातनं वढ्याला जात होतं."

योगिनीला लग्नात बघितलेला एक जुना फोटो आठवला. चार भावंडांतला एक चेहरा कापलेला होता आणि का ते कुणी सांगितलं नव्हतं.

"लहानू, मी शिकलेली बाई नाय," आत्या म्हणाली. "पण त्या पोरीनं मला एक सांगितलं. इचार दाराशी आला की लगेच आत घेऊन पाट द्यायचा नाय. उंबऱ्यावर उभा करायचा. कोण रं तू? कशावरनं आला? तुझ्यासंगं साक्षीला कोण? मी झोपले होते हे खरं. मी नवरा मारला, ही माझी जोडणी. वरीसभर मी जोडणीलाच खरं मानून रडले. आता तू सांग. तुझ्या दाराशी काय आलं, आन तू काय जोडलं?"

आप्पांनी ताम्हणातलं बेलाचं एक पान उचललं. तळहातावर ठेवलं. त्यावर चिमूटभर भंडारा ठेवला, आणि त्याच्याकडे बघत राहिले.

या माणसानं मत बदललेलं घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. चुकीच्या जागी विहीर खणली गेली आणि कोरडी निघाली, तेव्हाही आप्पा म्हणाले होते, विहीर बरोबर हाय, पाणी चुकलं. असा हा माणूस आता बसला होता आणि त्याच्या कपाळावरची शीर हलत होती. संतोषनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी दुसऱ्या हातानं त्याला थांबवलं. चुलीतलं लाकूड तडतडलं. बाहेर पोरं खोबऱ्याच्या तुकड्यासाठी भांडत होती.

"निकाल लागला," आप्पा म्हणाले. ते कुणाशीच बोलत नव्हते. "हर्षालीला मतं जास्ती पडली. हे आलं दाराशी. बास, एवढंच आलं." मग म्हणाले, "गावानं मला लाथ मारली, हे म्या जोडलं. घरातनं दगा झाला, हे म्या जोडलं. हिनं केला, हे बी म्याच जोडलं. चहा पिली म्हणून."

आत्या ऐकत पुढे सरकली.

"आता हा भंडारा." त्यांनी तळहात थोडा वर केला. "हिनं उचलला तर मला काय कळंल? ही देवाला भिती. नाय उचलला, तर काय कळंल? ही मला भीत नाय." ते थांबले, आणि पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच नवं असल्यासारखं हळूहळू बाहेर आलं. "मत कुणाला दिलं, ते दोन्हीकडनं कळत नाय."

योगिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. एकलहऱ्याला बंद पडलेला वीजनिर्मितीचा संच पुन्हा सुरू होताना तिनं पाहिला होता, तेव्हाही आला होता, पण तिथे निदान आवाज असतो. इथे बाहेरून काहीच घडत नव्हतं. एक म्हातारा माणूस, त्याच्या हातात एक पान, आणि त्याच्या आत, आयुष्यभर जिथून पाणी वाहत आलं तो पाट दुसरीकडे वळत होता. कुणी वळवत नव्हतं, तो स्वतःच वळवत होता. देव्हाऱ्यापुढे उभं राहिल्यावर लोकांना जे होतं म्हणतात, ते तिला कधी फारसं झालं नव्हतं. ते आज झालं. तिला वाकून नमस्कार करावासा वाटला, आणि कुणाला करायचा ते समजेना.

"मग बाबानं बी…" आप्पा म्हणाले. "भिकादादानं नाय उचलला, त्यावरनं बाबाला कळलं काय? तर भिका मानी हाय. ते तर आधीच ठाव होतं की. तेवढ्यासाठी माझा भाऊ गेला." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "खेकडा सापडला त्या दिवशी म्या भोक बुजवलं आन घरी येऊन सांगितलं, पाट साफ झाला. बाबाला सुरतेला जा म्हणायची छाती नाय झाली. आज म्या बी तेच ताम्हण मांडलं."

आत्या उठली, भावाजवळ येऊन बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू लहान होतास रं."

"आता नाय ना लहान."

आप्पांनी तळहातावरचं पान पुन्हा ताम्हणात ठेवलं. भंडारा झटकला नाही, तो तसाच हाताला लागून राहिला. मग त्यांची नजर सुवर्णावर गेली. ती अजून ताम्हणापुढे तशीच गुडघ्यावर बसली होती. इतक्या वेळात तिला उठ म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. तसं ते एरवीही सुचत नसे.

"सुवर्णा," आप्पा म्हणाले, "तुला व्हायचं होतं का गं सरपंच?"

सुवर्णानं वर पाहिलं. एवढा सोपा प्रश्न, पण तो कुठल्या भाषेतला आहे असं तिचं झालं. "मला?"

"तुलाच. उभी तू होतीस."

"मला कुणी इचारलं नव्हतं, आप्पा."

"आता इचारतो."

ती संतोषकडे बघणार होती. तिची मान अर्धी वळली, आणि मग वळायची थांबली. "नव्हतं व्हायचं," ती म्हणाली. "सभेत तुम्ही बोलायचे तवा मला वाटायचं, मी बॅनरच हाय. हर्षाली तिच्या तोंडानं बोलायची. नळाचं बोलायची, शाळेच्या पत्र्याचं बोलायची. मला आयकायला बरं वाटायचं. लय पाप वाटायचं मनात, पण बरं बी वाटायचं."

संतोषचा चेहरा पडला. कदाचित त्याच्याही दाराशी पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी आणून उभं केलं होतं.

"मग तुला काय पाहिजे?" आप्पांनी विचारलं.

"फुलबाजारात बसायचंय." हे मात्र तिनं फटकन सांगितलं, जणू कित्येक वर्षं ओठांवर ठेवलेलं होतं. "गुलाबाच्या गड्ड्या मी बांधते, कळी कुठली कधी उमलंल ते मला कळतं, आन भाव करायला हे जातात. यांना भाव करता येत नाय. गिऱ्हाईक दोनदा बोललं की देऊन टाकतात."

"ते खरंय," रोहित म्हणाला, आणि सगळ्यांआधी संतोषच हसला. नाइलाजानं हसला, पण हसला.

"पहाटे उठावं लागतं," आप्पा म्हणाले.

"मी कवा झोपलेली बघितली का तुम्ही?"

आप्पांनी यावर विचार केला. खरोखर केला, ते दिसलं. "नाय," ते म्हणाले. "म्या कवा बघितलंच नाय. उद्यापासनं तू जा. संतोष गाडी चालवंल."

मग तळी उचलली. आप्पा, संतोष आणि रोहित, तिघांनी ताम्हण धरलं. सदानंदाचा येळकोट म्हणताना आप्पांचा आवाज मध्येच फुटला, तेव्हा पोरांनी बाहेरून तो उचलून धरला. खोबरं उधळलं गेलं. आप्पा उठून एकेकाच्या कपाळाला भंडारा लावत फिरू लागले. आत्याला लावला तेव्हा तिनं हळूच काहीतरी विचारलं, आणि ते म्हणाले, "सुरतेचा पत्ता काढू. दादा नसंल तर त्याची पोरं असतील."

योगिनीपुढे ते थांबले. ती वाकली तर त्यांनी तिला खांद्याला धरून सरळ केलं. "नाय म्हणायला छाती लागती," ते म्हणाले. "मला बी जरा शिकव." तिनं नुसती मान हलवली, आणि भंडारा नाकावर सांडला.

शेवटी सुवर्णा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आप्पांनी बोट पुढे केलं तसं तिनं त्यांचा हात धरला. "आप्पा, मला एक सांगायचंय. त्या दिवशी आत गेल्यावर मी…"

योगिनीनं श्वास रोखला.

आप्पांनी दुसऱ्या हातानं सुवर्णाची पकड हळूच सोडवली आणि तिच्या कपाळावर भंडाऱ्याची मोठी आडवी बोटं ओढली, पार एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत.

"ते तुझं हाय," ते म्हणाले. "ठेव तुझ्यापाशी."

सुवर्णा तशीच उभी राहिली, पिवळ्या कपाळानं, तोंड अर्धं उघडं. आप्पा वळले आणि पाटावर जाऊन बसले.

"वाढा आता," ते म्हणाले. "भरीत गार झालं."